बोटीची तहान

गुडघ्यांपासून सुरुवात करतो, कारण हल्ली माझ्या प्रत्येक गोष्टीची सुरुवात तिथूनच होते. पनवेलहून उरणजवळच्या मोरा धक्क्यावर स्कूटरने जायला मला तास-सव्वा तास लागतो. बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरांच्या मधून वाट काढत, पायाशी हत्यारांची पिशवी आणि पाठीवर ड्रिल मशीन घेऊन. पोचेपर्यंत गुडघे धरतात. मग धक्क्याच्या निसरड्या पायऱ्या, मग लहान होडी, मग होडीतून बोटीवर चढणं. वर चढलो की पहिली दहा मिनिटं मी काहीच करत नाही, नुसता बसतो. नाखवा म्हणायचा, "शेट आला, पन शेटचे पाय आजून रस्त्यावर हायत."

मी शेट वगैरे काही नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये एकतीस वर्षं काढली, शेवटची काही फोरमन म्हणून. पण उरणकडे चारचौघांत बरे कपडे घालून गेलं की माणसाला शेट म्हणतात, आणि नाखव्याने मला नऊ वर्षांपूर्वी एकदा शेट म्हटलं ते कायमचं. नाखवा म्हणजे खरं तर बोटीचा मालक. त्याची स्वतःची बोट केव्हाच मुलाच्या हातात गेली होती, तिला शीड नाही, मोठं इंजिन आहे. तरी गावात लहानथोर सगळे त्याला नाखवाच म्हणायचे. मीही म्हणू लागलो.

माझी बोट शिडाची. अठ्ठावीस फुटी, फायबरची, माझ्या लग्नापेक्षा जुनी. मुंबईच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी समुद्र सोडला तेव्हा ती माझ्याकडे आली. आली म्हणजे मीच हट्टाने आणली. तिच्या तळाला एका कण्याऐवजी दोन पाती आहेत, त्यामुळे ओहोटीला ती चिखलात ताठ उभी राहते, कलंडत नाही. मोऱ्याच्या चिखलात तिला ठेवता आलं ते एवढ्याचमुळे. बायको तिला "तुमचं ते भांडं" म्हणते. घरातली भांडी घासून झाली का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "झाली, आता तुमचं घासायला उद्या तुम्ही जालच."

पहिली सात वर्षं आम्ही दोघं बोट चालवत होतो. मी मागे सुकाणूच्या दांड्यावर, नाखवा डोलकाठीशी उभा. शीड वर चढवायचा दोर तिथेच डोलकाठीवर, तो गुंडाळून ओढायची, दांड्याने फिरवायची विंचही तिथेच. त्याच्या बापाचा शिडाचा मचवा होता आणि त्या मचव्यावर तो दहाव्या वर्षापासून वाढला होता. पुढे इंजिनं आली, शिडं घडी घालून माळ्यावर गेली. माझ्या बोटीवर त्याला पुन्हा दोर हातात मिळाला. शीड भरलं की तो वळून माझ्याकडे बघायचा. मग दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा खांदा गेला. हात खांद्याच्या वर जाईना, हलत्या बोटीवर उभं राहताना तोल सांभाळेना. तेव्हापासून तो नुसता बोटीचा राखणदार उरला. ते काम तो पहिल्या वर्षापासूनच करत होता. रोज दुपारी होडीतून बोटीवर जायचा, दोर बघायचा, साचलेलं पाणी उपसायचा आणि परत यायचा. मी फक्त रविवारी.

जानेवारीत एका रविवारी आम्ही चहा पीत बसलो होतो. मी त्याला सांगितलं की हा माझा शेवटचा हंगाम. गुडघे नाही म्हणतात, मीही दमलोय, पावसाळ्याआधी बोट कोणालातरी देऊन टाकीन. त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "शेट, ती कोनाला देवाच्या आदी एकदा मना मागं बसून शीड चढवाला भेटल काय? उभं रावाची ताकद नाय ऱ्हायली. बसून केलं आसतं."

नऊ वर्षांत त्याने मागितलेली ही पहिली गोष्ट. मी लगेच हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं.

काम कागदावर सोपं होतं. डोलकाठीवरची विंच काढून केबिनच्या छपराच्या मागच्या कडेला आणायची, म्हणजे ती मागे बसणाऱ्या माणसाच्या हाताशी येते. डोलकाठीच्या पायथ्याशी तीन कप्प्या बसवायच्या, त्यातून दोर वळवून छपरावरून मागे न्यायचे, आणि विंचेच्या पुढे दोर पकडून ठेवणारे तीन खटके लावायचे. मग बसल्या जागी डाव्या हाताने विंचेचा दांडा फिरवला की शीड वर. समुद्र बिघडायच्या आत, म्हणजे मे महिन्याच्या मध्यापर्यंत, हे व्हायला हवं होतं. मी तीन रविवार धरले होते. एकतीस वर्षं फॅब्रिकेशन केलेल्या माणसाने असले अंदाज जाहीर बोलू नयेत.

फेब्रुवारीच्या शेवटी मी पहिलं भोक पाडायला घेतलं. जुन्या फायबरच्या बोटींचं डेक नुसत्या फायबरचं नसतं. वर-खाली फायबरचा पातळ थर आणि मध्ये हलकं लाकूड, करंजीची पारी आणि सारण असतं तसं. ड्रिल वरच्या थरातून कुरकुरत गेलं आणि मग एकदम आत बुडालं. लाकूड लागलंच नाही. बाहेर काढलं तर पात्याला काळा ओला लगदा, आणि भोकातून तपकिरी पाणी वर आलं. सडलेल्या पानांचा वास आला. मी बोटाने भोकात उकरलं, अजून लगदा. हातोडीच्या दांड्याने आजूबाजूला ठोकून पाहिलं. चांगलं डेक टणक वाजतं. हे विंचेच्या जागेपासून थेट कडेच्या कठड्यापर्यंत भद्द वाजत होतं.

नाखवा सावलीत बसून बघत होता. "पानी हाय आत?" त्याने विचारलं. मी म्हटलं, पाणीच आहे, लाकूड कुठे आहे. तर तो मान हलवून म्हणाला, "कसं कुजल? मी रोज पाजतो तिला. नऊ वरसं येक दिस चुकला नाय."

"काय पाजता?"

"पानी. दुपारच्या उन्हात. चार बादल्या."

मला आधी कळेचना. मग कळलं. लाकडी बोट उन्हात उभी राहिली की फळ्या सुकतात, आकसतात, फटी पडतात, आणि पुन्हा पाण्यात घातली की गळते. म्हणून कोळी माणूस किनाऱ्यावरच्या बोटीच्या डेकवर दुपारी खारं पाणी ओततो. लाकूड फुगतं, फट आपोआप बुजते. "लाकडाला तान लागते शेट," तो मला पहिल्या वर्षीच म्हणाला होता. मला वाटलं होतं तो त्याच्या बापाच्या मचव्याबद्दल बोलतोय. रविवारी मी बोटीवर असतानाही त्याला चार बादल्या ओतताना पाहिलं होतं, पण डेक थंड करायला ओततो असं मला वाटलं. पायाला गार लागायचं, मला बरं वाटायचं. फायबरच्या बोटीला मात्र पाणी पाजायचं नसतं. आतलं लाकूड झाकलेलं असतं. त्यात पाणी शिरलं तर बाहेर यायला वाट नसते, ते तिथेच राहतं आणि सारण नासतं.

मी त्या दिवशी थकलेला होतो हे खरं, पण हे कारण मी पुढे केलं तर ते खोटंच. माझा स्वभावच तसा आहे. शेडमध्येही मी आधी ओरडायचो आणि मग वेल्डिंग बघायचो. मी ड्रिल डेकवर आपटलं आणि म्हणालो, "म्हणजे तुम्हीच कुजवली. नऊ वर्षं रोज थोडी थोडी. एवढं आयुष्य समुद्रावर गेलं तुमचं, फायबर आणि लाकूड कळत नाही?"

तो उठला. बादली पालथी घालून तिच्या जागी ठेवली, हात धुतले. केबिनच्या दाराची किल्ली नऊ वर्षं त्याच्या कंबरेच्या गोफाला असायची. ती त्याने सोडली, दाराच्या कडीला अडकवली आणि स्वतःच्या लहान होडीत उतरला. डाव्या एका हाताने वल्हं मारत गेला. मी हाक मारली नाही. मारायला हवी होती.

पुढचे तीन रविवार तो आला नाही. दरवर्षी शिमग्याला त्याच्या घरून बोलावणं यायचं, होळीशी जेवण असायचं. त्या वर्षी आलं नाही. बायकोने दोनदा विचारलं, मी दोनदा काहीतरी सांगितलं.

काम मात्र सोडून चालणार नव्हतं. आधी कुजलेलं किती आहे ते बघायला डेकवरचं एकेक सामान काढायला घेतलं. कठड्याचे खांब, दोर अडकवायचे खुंट, कप्प्या, हुक. इथे एक सांगायला हवं. डेकवरचा बोल्ट एकट्याने काढता येत नाही. वरून स्क्रूचं डोकं धरावं लागतं आणि खाली केबिनमध्ये छताला नट असतो तो फिरवावा लागतो. इतकी वर्षं नाखवा वर बसायचा, मी खाली उताणा पडायचो. मधे दोन बोटं जाडीचं डेक, त्यामुळे आवाज नीट पोचत नाही, म्हणून आमची ठोकायची भाषा झाली होती. त्याने एकदा ठोकलं म्हणजे धरलंय. मी दोनदा ठोकलं म्हणजे झालं, सोड. आता मी खाली नटाला ग्रिपची पकड अडकवायचो, गुडघे सांभाळत वर यायचो, स्क्रू फिरवायला घ्यायचो आणि खाली पकड सुटून फरशीवर पडल्याचा आवाज यायचा. परत खाली. परत वर. एका दिवसात सहा बोल्ट निघाले तर मी स्वतःला शाबासकी द्यायचो. संध्याकाळी परतताना ट्रेलरच्या मागे थांबलो की मला स्कूटरवरच झोप यायची.

तिसऱ्या रविवारी मी कठड्याचा एक खांब काढला. तो बोट बांधली तेव्हापासूनचा. भोकात स्क्रू ड्रायव्हर घालून आतलं लाकूड खरवडलं तर पिवळं, कोरडं, नव्यासारखं. शेजारचा दुसरा खांब, तोही कोरडा. मग त्यांच्या मधला पाण्याची बाटली अडकवायचा स्टँड काढला, तर काळा लगदा. मी तिथेच बसलो. कारण तो स्टँड मी लावला होता. बोट आणल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत, हौसेने. बाटलीचा स्टँड, झेंड्याची खोबण, सोलरच्या पट्टीचे चार पाय, टॉवेल वाळत टाकायचा हुक, आणि आता विंच येणार होती त्या जागेजवळ एक खुंट जो मी पुढे कधी वापरलाही नाही. भोकं पाडली, स्क्रू घातले आणि वरून पनवेलच्या बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला पांढरा सिलिकॉन लावला. बाथरूमच्या बेसिनच्या कडेला लावतात तो. दोन पावसाळ्यांत तो कडेने सुटला असणार. आतलं लाकूड उघडं राहिलं आणि रोज दुपारी त्याच्यावरून पाणी वाहत होतं.

मग मी उरलेली सगळी भोकं तपासली. बोट बांधणाऱ्यांनी पाडलेली सगळी कोरडी. नऊ वर्षं त्यांच्यावरही तेवढंच पाणी ओतलं गेलं होतं. कुजलेलं होतं ते फक्त माझ्या अकरा भोकांच्या भोवती, आणि एका भोकाची कूज दुसऱ्या भोकाला जाऊन मिळाली होती. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वेल्डिंगला नावं ठेवली.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. बादल्यांपासून भोकांपर्यंत, मी नाखव्याला काय बोललो तेही. ती भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "हे मला कशाला सांगताय?" ती म्हणाली. "मी काय बोटीवरून उतरून गेले होते?"

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. तरी मी त्याच्या घरी गेलो.

नाखवा ओट्यावर बसून सुनेबरोबर कोळंबी सोलत होता. उजवा हात मांडीवर ठेवून नुसत्या डाव्याच्या बोटांनी. सुनेने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आत गेली. मी खिशातून दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या काढल्या. एकीत बोट बांधणाऱ्यांच्या भोकातलं लाकूड, दुसरीत माझ्या भोकातलं. पिशव्या त्याच्यापुढे ठेवल्या.

त्याने हात पुसले. कोरडं लाकूड चिमटीत घेऊन बघितलं, मग ओलं घेतलं, वास घेतला.

"हे कुठचं?"

"बाटलीच्या स्टँडच्या खालचं. आणि हे खांबाखालचं. खांबावरही तुम्ही पाणी ओतलंच होतं. तिथे काही झालं नाही. भोकं मी पाडली, नीट बुजवली नाहीत. चूक माझी होती, आणि मी तुम्हाला बोललो. माझं चुकलं नाखवा."

त्याने लगदा परत पिशवीत टाकला. "पन पानी तर मीच ओतलं ना," तो म्हणाला.

"ओतलंत. पावसानेही ओतलंच. भोकं होती म्हणून आत गेलं."

"पाऊस चार महिने. मी बारा महिने." त्याने दोन्ही पिशव्यांची तोंडं बांधून मला परत दिल्या. "मी म्हनलो तिला बरं वाटतंय. वरसं ढकलली मी तिच्यावर पानी ओतून, घरात बसाचं नाय म्हनून. नि ती आतून मरत होती."

मला वाटलं होतं चूक माझी आहे हे सांगितलं की त्याच्यावरचं ओझं जाईल. तसं काही झालं नाही. मी उठलो तेव्हा त्याने विचारलं, "आता काय करनार? देनार तशीच?"

"दुरुस्त करणार. पण वरून स्क्रू धरायला माणूस नाही."

तो हसला नाही. "खांदा नाय चालत," तो म्हणाला.

"स्क्रू धरायला खांदा लागत नाही."

पुढच्या रविवारी मी धक्क्यावर पोचलो तेव्हा तो होडीत बसलेला होता. बोटीवर किल्ली मी अजून कडीलाच ठेवली होती. त्याने ती काढून हातात घेतली, बघितली आणि मला दिली. गोफाला बांधली नाही. मी ती खिशात टाकली.

एप्रिल गेला तो मी कसा काढला मलाच ठाऊक. रविवार पुरेनात, मग मधल्या वारीही जाऊ लागलो. वरचा फायबरचा थर चौकोन कापून उचलायचा, आतला लगदा उकरून काढायचा, उन्हात चार दिवस सुकू द्यायचं, नवी प्लाय कापून बसवायची, वरचा चौकोन परत चिकटवायचा. चिकटवायला इपॉक्सी. एप्रिलच्या उन्हात ती डब्यातल्या डब्यात वाफा सोडून दगड होते, म्हणून उजाडताच काम सुरू करायचं आणि नऊला थांबायचं. म्हणजे पनवेलहून साडेचारला निघायचं. नवीन भोकं मात्र या वेळी बूड लावून केली. लागतं त्याच्यापेक्षा मोठं भोक पाडायचं, कडेचं लाकूड आत वाकड्या खिळ्याने खरवडायचं, ती पोकळी इपॉक्सीने भरायची, दगड झाली की तिच्यातून बोल्टाच्या मापाचं भोक. म्हणजे उद्या वरचा मसाला सुटला तरी पाण्याला लाकूड भेटतच नाही. नाखव्याला मी हे दाखवलं. तो म्हणाला, "आदीच करावाचं होतं." मी म्हटलं, हो.

विंच बसवली त्या दिवशी मी खाली उताणा पडलो होतो. कळंबोलीच्या शेडमधून कापून आणलेली स्टीलची पट्टी छताला लावून नट चढवत होतो. वरून एकदा ठोकल्याचा आवाज आला. धरलंय. डोळ्यांत घाम जात होता, मान आखडली होती, आणि तरी मला इतकं बरं वाटलं की मी थोडा वेळ पाना तसाच धरून पडून राहिलो. वरून परत ठोकलं. मग मी फिरवायला घेतलं. चारही बोल्ट झाले, मी दोनदा ठोकलं.

पण एक गोष्ट मी बघत होतो. पूर्वी दुपार झाली की त्याचा हात आपोआप बादलीकडे जायचा. आता बादली पालथीच होती. काम संपलं की तो छपराच्या सावलीत हात मांडीवर ठेवून बसायचा आणि तापलेल्या डेककडे बघायचा. पाय भाजतात म्हणून मी एकदा म्हटलं, ओता की दोन बादल्या. तो म्हणाला, "नको."

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही बोट बाहेर काढली. सकाळची भरती, मुंबईहून येणारी लाँच धक्क्याला लागत होती, वारा अजून निजलेला. इंजिनावर खाडीबाहेर आलो. दहाच्या सुमारास वायव्येकडून वारा धरू लागला. मी सुकाणूचा दांडा घेतला आणि नाखव्याला विंचेजवळ बसवलं. त्याने पायातली चप्पल आधीच काढली होती, बोटीवर तो कधी चप्पल घालत नसे. दोराचे तीन वेढे विंचेवर घातले आणि डाव्या हाताने दांडा फिरवायला घेतला.

शीड अर्ध्यावर गेलं आणि अडकलं. दोर छपराच्या दाराच्या कोपऱ्याला घासत होता. कप्पी मी बोटभर उजवीकडे बसवली होती. अडीच महिने, अकरा जुनी भोकं, चौदा नवी, आणि कप्पी बोटभर उजवीकडे. मी शिवी हासडली. नाखव्याने दोर सैल सोडला, पायाच्या अंगठ्याने कोपऱ्यापासून बाजूला धरला आणि परत फिरवायला लागला. "शेट, बोटीवर सगळंच सरळ नस्तं," तो म्हणाला. शीड टोकाला पोचलं. वारा भरला. बोट कलली आणि इंजिन मी बंद केलं.

तो वळून माझ्याकडे बघेल असं मला वाटलं होतं. तो शिडाकडेच बघत राहिला. मग मी त्याला सुकाणूही दिलं. तासभर तोच चालवत होता, दांडा काखेत धरून, डावा हात दोरावर. वारा पडला की दोर ढिला, वारा आला की कसून. माझ्याकडून सात वर्षांत जे जमलं नाही ते तो बसल्या जागी करत होता. त्याच्या ओठांतून मधूनच काहीतरी पुटपुटणं यायचं, बोटीला की बापाला मला कळलं नाही. मी नुसता बसलो होतो. इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदा काही करायचं नव्हतं.

दुपारी परत आलो, नांगर टाकला, शीड गुंडाळलं. ओहोटी लागत होती. थोड्या वेळाने पाती चिखलाला टेकली आणि बोट उभी राहिली. ऊन डोक्यावर होतं. डेक तव्यासारखं तापलं होतं. नाखवा त्याच्या जागी बसला, हात मांडीवर. समोर पालथी बादली.

"कोनाला देनार?" त्याने विचारलं.

"बघू," मी म्हटलं. खरं तर एक माणूस बघून गेला होता आणि मी त्याला हो म्हणणार होतो.

तो डेकवर तळहात ठेवून बसला. चटका बसत असणार, पण उचलला नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता तिला तान लागत नसल. नाय?"

मी दमलेला होतो. गुडघे दुखत होते, पुढे परतीचा रस्ता होता. फायबर म्हणजे काय, लाकूड म्हणजे काय, हे त्याला आता माझ्याइतकंच कळत होतं, आणि तरी त्याने मला विचारलं होतं. मी उठलो, बादली सुलटी केली, दोर बांधून खालच्या उरल्या पाण्यात सोडली, वर ओढली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली.

"लागते," मी म्हटलं.

त्याने बादलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग डाव्या हाताने ती कलती केली, नेहमीसारखी, हळूहळू, पुढच्या टोकापासून मागे येत. मी केबिनमध्ये उतरलो आणि विंचेखालच्या पट्टीवर हात ठेवून उताणा पडलो. वरून पाण्याचा आवाज येत होता. त्याने चारही बादल्या ओतल्या. माझा हात कोरडा होता.